सिंगापूरला जाऊन पावभाजीच खायची तर गेलात कशाला? (चर्चा)

बाणेरची_परतलेली:
परवाची ती पोस्ट वाचून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. एक गृहस्थ मुलाकडे सिंगापूरला आठवडाभर राहून आले आणि म्हणतात, रोज संध्याकाळी कुणाच्या तरी कॉन्डोत मराठी गोतावळा, पावभाजी, पुण्याच्याच गप्पा, शनिवारी सेंटोसा हे पर्यटकांचं बेट, रविवारी लिटल इंडिया या भारतीय वस्तीत डोसा, एवढ्यासाठी देश सोडला का, कोथरूडात काय वाईट होतं.

अहो, पाहुणा म्हणून आठवडा काढणं वेगळं आणि तिथे संसार करणं वेगळं. नवऱ्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथल्या नोकरीचा परवाना, कंपनीशी बांधलेला, नोकरी गेली की साधारण ३० दिवसांत गाशा गुंडाळायचा. माझा डिपेंडंट पास, म्हणजे त्याची बायको म्हणून राहायचा परवाना. आधी कंपनीने परवानगीचं पत्र काढलं की त्यावर काम करता यायचं, मे २०२१ पासून ते बंद, स्वतःचा वर्क पास मिळवा नाहीतर घरी बसा. पुण्यात ऑडिट करणारी बाई मी, घरी बसले. नवरा जकार्ताला आणि लेक तापाने फणफणलेली, त्या रात्री दारात कोण उभं होतं? त्याच पावभाजी ग्रुपमधल्या दोघीजणी. त्या रोजच्या पावभाजीच्या संध्याकाळी म्हणजे आमचं माहेर होतं, टाइमपास नव्हता.

एकटा_कर्वेनगरी:
ताई, आजारपणाला माणसं हवीत, कबूल. पण म्हणून रोज तीच माणसं? मीही तिथे नोकरी केलीय, एकट्याने. ऑफिस सुटलं की मॅक्सवेल फूड सेंटर, म्हणजे एका छताखाली खाण्याचे गाळे असलेलं हॉकर सेंटर, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची, कोपी-ओ (बिनदुधाची कॉफी) घ्यायची आणि शेजारी जो बसेल त्याच्याशी बोलायचं. या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने २०२० मध्ये वारसा म्हणून मान दिला आणि आपली मंडळी वर्षानुवर्षं राहून तिथे एक प्लेट खात नाहीत. मला पुलाउ उबिन बेटावर जा म्हणून सांगितलं ते शेजारी बसलेल्या टॅक्सीवाल्या अंकलनी. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर जायचं, १२ माणसं जमली की बोट सुटते, पलीकडे सायकल भाड्याने घ्यायची. ग्रुपमधल्या कितीजणांना हे माहीत होतं?

शुद्ध_शाकाहारी_सदाशिव:
आम्ही काय खायचं तिथे? लाक्सा नूडल्सच्या रश्श्यात वाळवलेली कोळंबी, सांबाल चटणीत बलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचाच गोळा. विचारलं तर 'व्हेज' म्हणून वरचं मटण बाजूला काढून देतात. उगाच हॉकरचं कौतुक आम्हाला सांगू नका.

चातुर्मासवाली:
सदाशिव, जरा पाय मोकळे केले असते तर वॉटर्लू स्ट्रीट सापडली असती. बौद्ध शाकाहारी जेवण, त्यात कांदा-लसूणसुद्धा नाही, माझ्या सासूबाई चातुर्मासात तिथे पोटभर जेवल्या. तिथेच ग्वानयिन या बौद्ध देवीचं देऊळ आणि त्याला लागून कृष्णाचं, चिनी बायका दोन्हीकडे उदबत्ती लावतात. डब्यात ठेपले घेऊन फिरलं तर हे कसं दिसणार?

नाव_नको:
विषय निघालाय तर मी बोलणार. या पॉटलकची, म्हणजे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणांची, भांडी कोण घासतं? हेल्पर, परदेशातून आलेली घरकामाची बाई. तिला मालकाच्याच घरात राहावं लागतं, म्हणजे पहाटेपासून पाहुणे जाईपर्यंत ड्यूटी. २०१३ पासून आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, तरी मालकिणी पैसे देऊन ती सुट्टी विकत घ्यायच्या, शेवटी २०२३ पासून महिन्यातून एक दिवस तरी द्यायचाच, पैसे देऊन टाळायचा नाही, असा नियम करावा लागला. रविवारी लकी प्लाझा मॉलमध्ये जाऊन बघा, सुट्टी मिळालेल्या फिलिपिन्सच्या हेल्पर बायका कशा हसत असतात.

बाणेरची_परतलेली:
हा कुठला विषय कुठे नेला! माझ्याकडची दर रविवारी बाहेर असायची, स्वयंपाक आम्ही करायचो.

नाव_नको:
तुमच्याकडची असेल. मी ज्यांच्याकडे आठवडा राहिले त्यांच्याकडे रविवारीच पंचवीस माणसं जेवायला, आणि ती मुलगी रात्री साडेअकराला ओटा पुसत होती. ते बघून मला घास गिळवेना.

सहकारनगर_काकू:
आणि पुण्यात? आमच्या सोसायटीत बाईने महिन्यात चौथी सुट्टी घेतली की पैसे कापतात. तेव्हा सिंगापूरच्या बायकांना एकटं धरू नका.

नाव_नको:
काकू, इथेही चूकच आहे ते. दोन्हीकडे चूक असली म्हणून माफ होत नाही.

एकटा_कर्वेनगरी:
डिपेंडंट पासचं मला माहीत नव्हतं, तेवढं मान्य करतो. पण उबिनचं उत्तर अजून आलेलं नाही.

बाणेरची_परतलेली:
घ्या उत्तर. उबिनला गेलोय आम्ही, आख्खा पावभाजी ग्रुप, पोरांसकट, सायकली घेऊन. हेंडरसन वेव्ह्ज पुलावर, मॅकरिचीच्या जंगलातही गेलोय. मुलाने वडिलांना फक्त सेंटोसा दाखवलं असेल तर त्यांनी मुलाशी भांडावं, पोस्ट लिहून आमचं आयुष्य मोजू नये.