मदत हवी आहे: नाशिकहून मुंबई, एकच दिवस, मुख्य बेत म्युझियम

गोदाकाठ
1 मेच्या सुट्टीला नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबई आणि संध्याकाळच्या पंचवटीनेच परत, असा बेत आहे. आम्ही दोघं, 9 आणि 13 वर्षांची मुलं, शिवाय सासूबाई (वय 71, गुडघेदुखी, सपाटीवर दहा-पंधरा मिनिटं चालतात, जिने नकोत). मुख्य आकर्षण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. मुलांचा हट्ट घारापुरीच्या बोटीचा. दोन्ही जमेल का? संग्रहालयाला किती वेळ धरावा आणि आत काय चुकवू नये?

फोर्टफिरस्ता
आधी तारीख बदला. 1 मेला हे संग्रहालय बंद असतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे बंदचे दिवस. एरवी सोमवारीसुद्धा उघडं. होतं काय, की 'म्युझियम म्हणजे सोमवारी बंद' हे डोक्यात पक्कं असल्याने लोक सोमवार टाळतात आणि नेमके झेंडावंदनाच्या दिवशी फाटकाशी येऊन उभे राहतात. शिवाय 1 मेला सकाळी हुतात्मा स्मारकावर मानवंदना असते, त्या चौकातून गाडी काढणं म्हणजे वैताग.

घारापुरी त्याच दिवशी नको. बोट जायला साधारण तास, यायला तास, वर रांग, आणि लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या. सासूबाईंसाठी तर नाहीच. (ती लेणी मात्र खरोखरच सोमवारी बंद असतात.)

रुळांवरून
गाडीचं मी सांगतो. पंचवटी पावणेअकराच्या सुमारास सीएसएमटीला पोचते, परत 18:15 ला सुटते. म्हणजे हातात साडेसात तास दिसतात, पण स्टेशनात शिरणं-निघणं आणि संध्याकाळी अर्धा तास आधी पोचणं धरलं तर सहा-साडेसहाच उरतात. जातानाचं आणि येतानाचं आरक्षण एकाच वेळी काढा. 60 दिवस आधी खुलं होतं, आणि जोडून सुट्टी आली की परतीचं आधी भरतं. पासधारकांच्या डब्यात चुकूनही चढू नका, तिथं जागेवरून वाद ठरलेला.

शनिवार घ्या. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला की दुपारच्या गाड्यांचं वेळापत्रक विस्कटतं. मोठी बॅग आणू नका. आणलीच तर सीएसएमटीच्या क्लोकरूमला ठेवायला ती कुलूपबंद हवी आणि प्रवासाचं तिकीट जवळ हवं. नुसती चेन ओढलेली सॅक घेत नाहीत.

फोर्टफिरस्ता
स्टेशन ते संग्रहालय दीडेक किलोमीटर. दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौक, तिथून काळा घोडा. रमतगमत पंचवीस मिनिटं. इमारती बघत जायला झकास रस्ता, पण सासूबाईंना टॅक्सीत बसवा, मीटर टाकायला सांगा. भुयारी मेट्रोचा मोह नको: सीएसएमटीहून हुतात्मा चौक एकच स्टेशन, त्यासाठी खाली उतरा, तपासणी, परत वर या. एवढ्यात माणूस चालत पोचतो.

आत अडीच ते तीन तास. संग्रह सुमारे 50,000 वस्तूंचा आहे, 'सगळं बघू' म्हणालात तर दुसऱ्या तासाला मुलं बाकावर आडवी होतील. चार दालनं ठरवा, बाकीच्यांतून नुसते चालत जा. लिफ्ट आहे, व्हीलचेअरही मिळते. ती प्रवेशाशीच मागा, आत गेल्यावर आठवली तर पुन्हा उलटं यावं लागतं.

चित्रवेडी
लघुचित्रांचं दालन पाय ताजे असतानाच बघा, सासूबाईंनाही बाकावर बसून बघता येईल. तिथं उजेड मुद्दाम मंद असतो. कागदावरचे रंग प्रकाशाने उडतात, म्हणून अशा चित्रांवर जगभर 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवतात. मे महिन्याच्या उन्हातून थेट आत गेलं की पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही आणि लोक 'अंधारच आहे' म्हणत निघून जातात. थांबा, डोळे सरावू द्या.

बसोहली शैलीचं (जम्मूकडच्या पहाडी लघुचित्रांची शैली) चित्र लागलेलं असेल तर दागिन्यांकडे बघा. पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखाच्या कवचाचे बारीक तुकडे चिकटवलेले असतात. समोरून ते काळपट ठिपके वाटतात. एक पाऊल बाजूला सरकून तिरपं बघितलं की हिरवे चमकतात. नऊ वर्षांच्या मुलाला हे दाखवा, पुढची दहा मिनिटं तो स्वतःच शोधत बसेल.

फोटोत काचेवर स्वतःचंच प्रतिबिंब येतं, ते पांढऱ्या शर्टामुळे. गडद कपडे घाला, जरा तिरपे उभे राहा. फ्लॅश आणि सेल्फी स्टिक नको.

फोर्टफिरस्ता
तेरा वर्षांच्याला शस्त्रदालन. अकबराचं 1581 सालचं चिलखत आहे, घाईत नुसतं 'एक चिलखत' म्हणून सुटतं. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि निमरूदच्या (आजच्या इराकमधलं प्राचीन शहर) राजवाड्यातले असिरियन शिल्पपट, हे दोन्ही मी कुणालाच सोडू देत नाही. पक्षी-प्राण्यांचा विभाग शेवटी ठेवा, थकलेली मुलं तिथं पुन्हा जागी होतात. ऑडिओ गाइड मराठीतही आहे. मोठ्यांनी एक घेऊन मुलांना सांगितलं तरी चालतं.

आणि नाशिककरांनी मधल्या घुमटाखाली उभं राहून पहिल्या मजल्याच्या कठड्याकडे वर बघायचंच. तिथल्या कोरीव लाकडी कमानी वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत घेऊन बसवल्या. घुमट विजापूरच्या गोलघुमटावर बेतलेला, आणि त्याच्या पोटात तुमच्या गावचं लाकूडकाम!

गोदाकाठ
बापरे, 1 मे बंद हे लक्षातच आलं नसतं. 2 तारखेचा शनिवार धरते. बोटीचं मुलांना काय सांगू? आणि राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय जोडता येईल का?

रुळांवरून
ते भायखळ्याला, म्हणजे पुन्हा उलट्या दिशेला. सुरेख आहे, 1872 पासूनचं, पण वेगळा दिवस द्या. बुधवार सोडून, त्या दिवशी ते आणि बाग दोन्ही बंद.

फोर्टफिरस्ता
ताई, बोटीवर तोड आहे. गेटवेवरून बंदरात छोटी चक्कर मारणाऱ्या लाँचही सुटतात, बेटावर न उतरता परत आणतात. संग्रहालयातून दोनच्या सुमारास निघा, जेवण, मग गेटवे. चालत दहा मिनिटं. तिकीट घेताना 'चक्कर की घारापुरी' हे स्पष्ट विचारा, नाहीतर बेटाच्या बोटीत बसाल. सासूबाईंना धक्क्यावर सावलीत बसू दे. चढायच्या पायऱ्या ओल्या असतात आणि बोट हलत असताना पाय टाकावा लागतो. पाचला टॅक्सी पकडा. शनिवार असला तरी साडेपाचनंतर सीएसएमटीसमोर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात.