मदत हवी आहे: ट्विन बंगल्याच्या भिंतीला ओल, शनिवारपर्यंत ठरवायचंय

किल्लेदार_लंडन:
वैतागलोय. आमचं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे आपल्याकडचा ट्विन बंगला. जॉर्जियन, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातलं, १८२०च्या आसपासचं. वरच्या बेडरूममध्ये भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग. दोनदा रंग दिला, महिन्याभरात डाग पुन्हा हजर. कंत्राटदार म्हणतो केमिकल इंजेक्शन मारू आणि वरून सिमेंटचा गिलावा. शेजारी आडवा आलाय. शनिवारी होकार द्यायचाय.

पुणेरी_गवंडी:
कुठली भिंत? बाहेरची की दोन घरांमधली? शेजाऱ्याचा काय संबंध?

किल्लेदार_लंडन:
मधलीच! शेजारी म्हटल्यावर कळायला हवं ना.

गळतीमुक्त:
पॉलिमर कोटिंग मारा, तीन हात. ठाण्याला आमच्या गच्चीवर मारलं, सहा पावसाळे थेंब नाही.

पुणेरी_गवंडी:
अहो, ती आरसीसीची गच्ची! ही चुन्यात बांधलेली वीट. ती पाणी पिते आणि सोडते. सिमेंट किंवा कोटिंग थापलंत की सोडायची वाट बंद. आपल्या वाड्यांना घाण्यावर मळलेला चुना होता, त्यात गूळ, बेलफळ...

गळतीमुक्त:
गूळ खायला ठेवा. जग पुढे गेलंय.

टेम्सकाठची:
भांडण नंतर. घर लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीत आहे का?

किल्लेदार_लंडन:
हो, ग्रेड टू. त्याचा ओलीशी काय संबंध?

टेम्सकाठची:
हे आधी सांगायचं होतंत, दादा! मूळ गिलावा खरवडून सिमेंट लावायचं तर आधी कौन्सिलला विचारा. घराच्या ऐतिहासिक स्वरूपाला धक्का लावणारं काम परवानगीशिवाय केलं तर १९९०च्या कायद्याने फौजदारी गुन्हा होतो. शिवाय भिंत दोघांची. इंजेक्शनसाठी भोकं पाडायची तर १९९६च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे दोन महिने आधी लेखी नोटीस. म्हणजे शनिवार विसरा.

नकाशेवाला:
लंडनच्या ब्लॅकहीथमधली पॅरॅगॉन ही घरांची रांग बघितलीय का कुणी? वास्तुरचनाकार मायकेल सर्ल्सची रचना. सात जुळी घरं, मध्ये खांबांच्या ओवऱ्या. काम १७९४ला सुरू होऊन १८०५च्या सुमारास संपलं. अशा घरांवर विटांनी बुजवलेल्या खिडक्या दिसतात. लोक सरसकट खिडकीपट्टीचं कारण देतात (तो कर १८५१पर्यंत होता), पण कित्येक तर समोरची बाजू सारखी दिसावी म्हणून पहिल्यापासूनच आंधळ्या.

किल्लेदार_लंडन:
खिडकीबद्दल कुणी विचारलंय?

तळघर_प्रेमी:
मी विचारतो कामाचं. ते इंजेक्शन जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीसाठी असतं, वरच्या मजल्यावर कशाला? चिमणीसाठी भिंत पुढे आलेली असते, डाग त्या भागावर आहे का? आणि फायरप्लेस?

किल्लेदार_लंडन:
त्याच भागावर. फायरप्लेस आधीच्या मालकाने बोर्ड ठोकून बंद केलीय. दमट दिवशी डाग गडद होतो.

तळघर_प्रेमी:
मग आधी तिथेच बघा. वर्षानुवर्षं कोळसा जळला, काजळीतले क्षार विटेत मुरले, ते हवेतली वाफ ओढतात. त्यात चिमणीची नळी खालून बंद, म्हणजे आत वारा नाही. बोर्डाला जाळी बसवा, वर चिमणीला पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी. छपराची शिशाची पन्हळही बघा, पानं साचली की पाणी आतच उतरतं. रंग वर्षभर नको.

टेम्सकाठची:
आणि शेजाऱ्याकडे चहाला जा. त्याची चिमणी याच भिंतीत, तुमच्या पाठीला पाठ लावून असणार.

किल्लेदार_लंडन:
जाऊन आलो. त्याच्याकडे अजून लाकडं जळतात. त्याच भिंतीवर त्याच्या बाजूला एक डाग नाही.