मदत हवी आहे : साताऱ्यात नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज कुणी केला आहे का?

नमस्कार. धाकट्या भावाचं दुकान बंद पडलं आणि क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन फेडणं त्याच्या आवाक्याबाहेर गेलंय. २०१६च्या दिवाळखोरी संहितेतला सामान्य कर्जदारांसाठीचा भाग अजून लागू नाही. मुंबईबाहेर १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो, एवढं वाचून कळलं. ५०० रुपयांच्या कर्जालाही अर्ज चालतो! पण रिसीव्हर (कर्जदाराची मालमत्ता ताब्यात घेणारा न्यायालयाचा अधिकारी) नेमल्यावर प्रत्यक्षात काय काय जातं? पीपीएफवर जप्ती येत नाही, पण राहत्या घराचं काय? आई त्याच घरात आहे, खरी काळजी तिची. की आधी बँकेशी एकरकमी तडजोड करून पाहावी? रिझर्व्ह बँकेने संध्याकाळी ७ नंतर मनाई केली असूनही वसुलीवाले रात्री फोन करतात, भाऊ पार खचलाय. यातून गेलेल्यांनी किंवा वकील मंडळींनी कृपया सांगा.