प्रीसीझन ट्रेनिंग बघायला जाणं: रिकामटेकडेपणा की खरी फुटी?

टार्नीटकर
मंडळी, मेलबर्नमधल्या फुटीवाल्यांसाठी (फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, एएफएल ही त्याची लीग) धागा काढतोय. ज्यांना एएफएल माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: मोठं लंबगोल मैदान, एका टीमचे १८ जण, रग्बीसारखा लांबट बॉल, मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं घातला तर ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर १. सीझन मार्च ते सप्टेंबर. त्याच्या आधी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पोरं नुसती पळतात, वजनं उचलतात आणि पुन्हा पळतात, मध्ये ख्रिसमसची सुट्टी. तोच प्रीसीझन.

तर झालं असं की शनिवारी एका मित्राकडे जेवायला गेलेलो, तिथं सहज बोललो की सोमवारी पोराला घेऊन व्हिटन ओव्हलला (फुट्सक्रेतलं मैदान) माझ्या क्लबचं, बुलडॉग्सचं, ट्रेनिंग बघायला चाललोय, तर सगळे असे हसले की जणू मी शेजाऱ्याच्या घराचं रंगकाम बघायला निघालोय. म्हणे ट्रेनिंग काय बघायचं, तिकीट काढून मॅच बघ ना.

माझं म्हणणं ऐका. ट्रेनिंगला जेवढा खेळ कळतो तेवढा मॅचला कळत नाही. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे, आणि फुटीत निम्मा खेळ तर बॉलपासून लांब चाललेला असतो, कोण मुद्दाम उलट्या दिशेला पळून समोरच्याला ओढून नेतोय, कोण जागा अडवून उभाय. एमसीजीला (मेलबर्नचं मोठं स्टेडियम) वरच्या मजल्यावरून हे दिसतं पण ऐकू काहीच येत नाही. कठड्याला टेकून उभं राहिलं की दोन्ही मिळतं. सोमवारी एक नवीन पोरगं होतं, नोव्हेंबरच्या ड्राफ्टमधलं (क्लब पाळीपाळीनं नवीन पोरं निवडतात तो) असणार, अठरा वर्षांचं, अजून खांदे भरायचेत. उंच बॉल आला की प्रत्येक वेळी ते बॉलकडेच बघत बसायचं आणि मागचा गडी पुढे घुसायचा. एका सीनियर बॅकमननं (डिफेंडरनं) त्याला थांबवलं, दंडाला धरून अर्धवट वळवलं, स्वतःची पाठ त्याच्या छातीला लावून दाखवलं की आधी अंगानं माणूस अडव, मग बॉलकडे बघ. एकही कोच मध्ये बोलला नाही. पुढच्या बॉलला पोरानं बरोबर तसं केलं तर लांबून चार जण ओरडले. हे कुठल्या चॅनलवर दाखवतात सांगा मला.

आणि दुसरा मुद्दा, हल्ली क्लब काही सेशन बंद ठेवतात, कुठं शूटिंग करू नका म्हणून सांगतात, हे मला अजिबात पटत नाही. १९८९ मध्ये हा क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन होऊन संपणारच होता, तेव्हा फुट्सक्रेच्या लोकांनी रस्त्यावर डबे वाजवून पैसे जमवले आणि वाचवला. त्या लोकांना तुम्ही आता गेटच्या बाहेर ठेवणार?

काळीपांढरी_गँग
झालं, जानेवारी आला, आता प्रत्येक क्लबचा प्रत्येक प्लेअर "जबरदस्त दिसतोय". भाऊ, ट्रेनिंगमध्ये तुमचेच तुमच्याशी खेळतात, म्हणजे फॉरवर्ड चांगला दिसला तर डिफेन्स बकवास आणि डिफेन्स चांगला दिसला तर फॉरवर्ड बकवास, यातून काय घंटा कळणार?

जुनं उदाहरण देतो. २०१३ पर्यंत प्रीसीझनचा वेगळा कप असायचा, त्यात तर समोर दुसरी टीम असायची. २००५ मध्ये कार्लटननं तो जिंकला, आणि त्याच वर्षी सीझनमध्ये शेवटचा नंबर, वुडन स्पून. उलटं बघा, रिचमंड २०१६ ला तेरावे होते आणि २०१७ ला ३७ वर्षांनी फ्लॅग, म्हणजे चॅम्पियनशिप, घेऊन गेले. आणि तुमचे बुलडॉग्स, २०१६ ला सातव्या नंबरवरून फायनल्समध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) घुसून जिंकले, ६२ वर्षांनी. त्या आधीच्या जानेवारीत कठड्याला टेकून उभ्या असलेल्या कुणाला दिसलं होतं का हे?

बॉम्बर_बंड्या
एसेंडन क्लबवाला बोलतोय. आमच्याकडे फ्लॅग दर जानेवारीत येतो आणि मार्चमध्ये परत जातो. २००४ नंतर फायनल्समधली एक मॅच जिंकली नाहीये आम्ही, पण प्रीसीझनमध्ये आम्हाला हरवून दाखवा 😂

टार्नीटकर
@काळीपांढरी_गँग, मी कुठं म्हटलं की ट्रेनिंग बघून लॅडर (पॉइंट टेबल) सांगता येतो? हे तूच माझ्या तोंडात घातलंस. मी म्हणतोय खेळ कळतो. माझं पोरगं ऑसकिकला (लहान मुलांच्या फुटीला) जातं, वर्षभर त्याची किक तिरकी जायची. तिथं त्यानं बघितलं की मोठी माणसं बॉल वर उडवत नाहीत, एका हातानं खाली नेऊन सरळ पायावर सोडतात, म्हणजे हात आणि बूट यात अंतर कमीत कमी. मग तो उलटा फिरत सरळ जातो. मी दहा वेळा सांगितलेलं, ऐकलं नव्हतं. तिथं एकाच माणसाला साठ-सत्तर किक मारताना बघितलं आणि घरी येऊन बॅकयार्डमध्ये सुरू.

फिजिओ_ताई
मी यात थोडी विरोधात आहे, बघायला जाण्याच्या नाही पण नंतर जे चालतं त्याच्या. लोक बघतात आणि घरी जाऊन लिहितात, अमुक आज बाउंड्रीवरून एकटाच जॉग करत होता, हॅमस्ट्रिंग गेली वाटतं. अहो, प्रत्येकाचा लोड वेगळा ठरवलेला असतो! पाठीवर खांद्यांच्या मध्ये ते जीपीएसचं छोटं यंत्र खोचलेलं असतं ना, त्यावरून कुणी किती पळायचं, किती वेगानं पळायचं हे आधीच ठरतं. एखाद्याचं कालच जास्त झालं म्हणून आज त्याला बाजूला काढतात. त्याला काही झालेलं नसतं. मिडफिल्डर मॅचमध्ये बारा-तेरा किलोमीटर, कधी त्याहून जास्त पळतो, ते पाय डिसेंबरमध्येच जाळून टाकायचे का? पण बाहेर मात्र बोंब झालेली असते.

आणि तो अठरा वर्षांचा मुलगा ज्याचं तुम्ही कौतुकानं लिहिलंत, त्याच्याबद्दलच दुसरा कुणीतरी लिहून गेला असेल की याला उंच बॉल झेपत नाही, वाया गेलेला पिक. तो वाचत नसेल असं वाटतं का तुम्हाला? त्याची आई वाचते.

आकडेमोड
ताई आदर आहे, पण क्लबवर सोडलं तर आपल्याला काय मिळतं ते पण बघा. क्लबच्या व्हिडिओत सगळे हसत असतात, मागे म्युझिक, एक लांबचा गोल, संपलं. दुखापतीचं विचारलं की "बरा होतोय, घाई करणार नाही". मी फँटसी खेळतो, मला कोण मेन ग्रुपमध्ये आहे, कोण रिहॅबमध्ये आहे, कोण हाफ-बॅकवरून मिडफिल्डला हलवलाय हे कळायलाच पाहिजे, आणि ते फक्त उन्हात उभे राहणारे लोकच सांगतात. फुकट सांगतात वर.

फिजिओ_ताई
तुमच्या फँटसी टीमसाठी त्याच्या गुडघ्याची बातमी? वा.

आकडेमोड
रस्त्याच्या कडेच्या मैदानात पळतोय तो ताई, ऑपरेशन थिएटरमध्ये नाही.

नागपूरची_संत्री
मला एक सांगा बाप्पा, सोमवारी सकाळी नऊला तुम्ही सगळे मोकळे कसे असता? मी वेअरहाउसला, नवरा बस चालवतो. शाळेची सुट्टी, पोरं घरी, त्यांना टाकायचं कुठं हाच प्रश्न, अन् हे म्हणतात ट्रेनिंग ओपन ठेवा. ठेवा ना, पण मग संध्याकाळी ठेवा, शनिवारी ठेवा. नाहीतर हा रिटायर्ड लोकांचा अन् वर्क फ्रॉम होमवाल्यांचा शौक आहे. काहून क्लबवर ओरडायचं?

टार्नीटकर
@नागपूरची_संत्री हे मात्र खरंय. फक्त उन्हाळ्यात ते लवकर सुरू करतात त्याला कारण आहे, जानेवारीत दुपारी यूव्ही इंडेक्स ११-१२ ला जातो, वरून ३८ डिग्री आणि तो उत्तरेचा गरम वारा, त्यात दोन किलोमीटरची टाइम ट्रायल कोण पळणार. ती पण बघण्यासारखी असते बरं का, पहिला गडी सहा मिनिटांच्या आत येतो आणि शेवटी दोन मीटरच्या आसपास उंचीचे रकमन (उडून बॉल मारणारे) येतात, हातापायांचा हिशेब न लागणारे, आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच.

जुना_शिवाजीपार्क
एवढा वाद कशाला चाललाय कळत नाही. आमच्या लहानपणी शिवाजी पार्कला कट्ट्यावर बसून नेट्स बघणारे म्हातारे होतेच की. कुणी तिकीट काढलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं कशाला बसलात. कोण पुढे जाणार हे त्यांना आधी कळायचं आणि नाही कळलं तरी सांगायचे. मी इथं तेवीस वर्षं झाली राहून, ट्रेनिंगच्या मैदानावर मला सगळ्यात कमी परकं वाटतं. मॅचला कसं, घोळका असतो, बियर असते, तुम्ही कुणाचे ते आधी स्कार्फवरून ठरतं. इथं कठड्याला शेजारी कुणीतरी फोल्डिंग खुर्ची टाकून थर्मास घेऊन बसलेला असतो, तो आपणहून विचारतो, तो दहा नंबरच्या बाजूचा कोण रे? झालं, तासभर गप्पा.

काळीपांढरी_गँग
काका, कट्ट्यावरचे म्हातारे संध्याकाळी चहा पिऊन घरी जायचे. त्यांच्या हातात मोबाइल नव्हता. इथं एक सेंटर बॉल-अपचा, म्हणजे मधोमध खेळ सुरू होतानाचा, नवीन सेटअप लावला की दुपारपर्यंत समोरच्या क्लबच्या अॅनालिस्टकडे व्हिडिओ. मी कोच असतो तर मीपण गेट लावलं असतं.

जुना_शिवाजीपार्क
लहान मुलं आणि पेन्शनर हेर! समोरच्या क्लबकडे सगळ्या मॅचेसचं फुटेज असतं रे, प्रत्येक अँगलचं. त्यांना माझ्या हलणाऱ्या हातानं घेतलेला व्हिडिओ कशाला लागतोय.

बॉम्बर_बंड्या
बंद दरवाजाचं कौतुक निदान एसेंडनवाल्यासमोर करू नका. २०१२ ला आमच्याकडे सप्लिमेंट्सचं जे काही चाललं ते कुणालाच नीट कळलं नाही, प्लेअरना पण नाही, आणि शेवटी जानेवारी २०१६ ला तेव्हाचे आणि आधीचे मिळून ३४ प्लेअर डोपिंगसाठी एका वर्षासाठी बाहेर. तुम्ही विचार करा, प्रीसीझनच्या मध्यात आमच्या तेव्हाच्या टीममधले १२ जण गायब. त्या वर्षी आम्ही शेवटचे आलो. लोकांचे डोळे असलेले बरे असतात.

काळीपांढरी_गँग
बंड्या, इंजेक्शनं काय मैदानाच्या मधोमध देत होते का? विंडी हिलच्या (तुमच्या तेव्हाच्या मैदानाच्या) कठड्यावर दोनशे लोक उभे असते तरी काय दिसणार होतं? इमोशनल होऊ नकोस.

बॉम्बर_बंड्या
बरं मग अॅडलेडचं घे. २०१७ ची ग्रँड फायनल रिचमंडकडून हरले, आणि २०१८ च्या जानेवारीत गोल्ड कोस्टला "मन कणखर करायचा" कॅम्प, लोकांपासून लांब. त्यांचा तेव्हाचा अॅबोरिजिनल प्लेअर एडी बेट्स, त्यानं २०२२ ला सांगितलं तिथं काय झालं, त्यानं विश्वासात सांगितलेल्या खाजगी गोष्टी त्याच्याच तोंडावर फेकल्या, अॅबोरिजिनल संस्कृतीचा अपमान झाला. क्लबला माफी मागावी लागली. फायनलिस्ट टीम त्या सीझनला बाराव्या नंबरवर. हे व्हिटन ओव्हलसारख्या उघड्या मैदानात केलं असतं का कुणी? पहिल्या दहा मिनिटांत एखादी आजी ओरडली असती.

फिजिओ_ताई
हा मुद्दा मला पटला. म्हणजे मला वाटतं बघणाऱ्यांनी असावंच, उलट जास्त असावं. फक्त दुखापतीचं निदान कठड्यावरून करू नका. बर्फाची पिशवी दिसली म्हणजे फाटलंय असं नसतं, सेशन संपल्यावर निम्मे लोक बर्फ लावूनच जातात.

आकडेमोड
मग काय लिहायचं? "आज ऊन होतं, सगळे पळाले"?

फिजिओ_ताई
तुम्ही पाहिलं ते लिहा. "एकटा जॉग करत होता" हे पाहिलं. "हॅमस्ट्रिंग गेली" हे तुम्ही पाहिलं नाही.

नागपूरची_संत्री
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी देलं नाही. शनिवारी कधी असते का हे?

टार्नीटकर
@नागपूरची_संत्री क्लब आठवड्याआधी वेळा टाकतो त्या बघाव्या लागतात, ऐनवेळी बदलतात पण. फेब्रुवारीत प्रॅक्टिस मॅचेस सुरू होतात, त्यातली एखादी वीकेंडला किंवा संध्याकाळी असू शकते, ती तुम्हाला जमेल. वेस्ट फुट्सक्रे स्टेशनवरून चालत या, गाडी आणू नका. पोरांना टोपी आणि सनस्क्रीन, तिथं सावली नावालाच आहे. बाहेर टेड व्हिटनचा (क्लबचा जुना मोठा प्लेअर) पुतळा आहे त्याच्याजवळ भेटू, आणि नंतर बार्कली स्ट्रीटला डोसा, ते मैदानापेक्षा मुलांना जास्त आवडेल.

नागपूरची_संत्री
हां, हे कामाचं बोललात. डोसा असेल तर नवरा पण येईल.

काळीपांढरी_गँग
डोसा घालून माणसं गोळा करायला लागली की समजायचं मुद्दा कमजोर आहे. मी अजूनही म्हणतो मार्चच्या पहिल्या मॅचपर्यंत सगळं झूट. आणि एवढंच बघायचं असेल तर आमच्या कॉलिंगवुडच्या ऑलिंपिक पार्क ओव्हलला या ना, सिटीत, एमसीजीच्या शेजारी, ट्रामनं उतरलं की समोर. निदान चांगली टीम तरी दिसेल.

टार्नीटकर
म्हणजे तू जातोस तर!!

काळीपांढरी_गँग
ऑफिस तिकडंच आहे. लंचला. पाच मिनिटं.

बॉम्बर_बंड्या
पाच मिनिटांत सेंटर बॉल-अपचा नवीन सेटअप कळला वाटतं 😂

काळीपांढरी_गँग
तो सगळ्यांनाच दिसतो रे, म्हणूनच तर म्हणतोय गेट लावा.

टार्नीटकर
ये मग फेब्रुवारीत इकडे, पण तो काळापांढरा शर्ट घालून नको. आणि मी कॉलिंगवुडचं ट्रेनिंग बघायला? फुकट जेवण दिलं तरी नाही.