शब्दचर्चा : तृतीयपंथी, पारलिंगी की आणखी काही?

सांगलीकर : माझ्या भावाचं लेकरू एकवीस वर्षांचं आहे. गेल्या आठवड्यात मला म्हणालं, "आत्या, मी मुलगा नाही आणि मुलगीही नाही. नॉन-बायनरी आहे." आता हे माझ्या आईला सांगायचंय. ती ८२ वर्षांची, माहेर कोल्हापूरचं. तिच्या जिभेला हा शब्द वळत नाही. तृतीयपंथी म्हटलं तर चालेल का?

मुळाकाठ : ताई, आधी त्या लेकराला विचारा. या शब्दात 'पंथ' आहे. वारकरी पंथ, महानुभाव पंथ म्हणतो तसाच. त्यामागे गुरू-चेल्याचं नातं, घराणं, त्यांचे रीतिरिवाज असं सगळं उभं राहतं. त्या समाजातले कितीतरी जण तो शब्द अभिमानाने लावतात, आणि तो त्यांचाच आहे. मी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष; कुणाचाही चेला नाही. तरी एका कार्यालयात कारकुनाने मला न विचारता अर्जावर 'तृतीयपंथी' लिहिलं. मी खोडून मागितलं, तर म्हणाला, "एकच की हो!" एकच नाही. २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. मग शब्दही ज्याचा त्यानेच निवडायला हवा.

'हिजडा'चंही तसंच. रस्त्यावरून कुणी ओरडलं तर ती शिवी असते. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी मात्र तोच शब्द स्वतःसाठी ताठ मानेने वापरतात.

शब्दवेडी : दोन शब्दांत गल्लत होते म्हणून लिहिते. 'उभयलिंगी' सहसा स्त्री आणि पुरुष दोघांविषयी आकर्षण असणाऱ्यांसाठी वापरतात. जन्मतः शरीराची लिंगलक्षणं ठरीव स्त्री-पुरुष साच्यात न बसणाऱ्यांना 'आंतरलिंगी' म्हणतात. ताईंच्या लेकराला यातला कुठलाच लागू नाही. 'जोगता' तर यल्लमा देवीच्या सेवेतला. तो शब्द देवीपासून सुटा काढताच येत नाही.

पण मला नामापेक्षा क्रियापदाची काळजी जास्त वाटते. ओळखीचा शब्द महिन्यातून एकदा लागेल, 'आलास की आलीस' मात्र रोज दारातच. मराठीत वाटा आहेत. 'मी येईन', 'मला जायचंय', 'मी केलं', 'आम्ही आलो' यांत बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. समोरच्याला 'येशील का?', 'जेवणार ना?' विचारता येतं. नपुंसकलिंग मात्र विचारल्याशिवाय वापरू नका. 'लेकरू आलं' गोड वाटतं, पण मोठ्या माणसाबद्दल नुसतं 'ते आलं' म्हटलं की वस्तूसारखं ऐकू येतं.

आणि आजी कोल्हापूरच्या ना? तिकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' सर्रास म्हणतात. क्रियापद बदललं म्हणून त्या दचकायच्या नाहीत!

सांगलीकर : विचारलं. तृतीयपंथी नको, नॉन-बायनरीच हवं. आजीला समजावायचं काम स्वतः करणार आहे. 'लेकरू' आवडतं, पण फक्त आजीच्या आणि माझ्या तोंडून. काल आईने फोनवर विचारलं, "जेवलं का माझं बाळ?" त्यावर हसू ऐकू आलं.

आता अडलंय ते लेकराच्या धाकट्या बहिणीपाशी. ती आजवर 'दादा' म्हणत आली. 'ताई' नको आहे, नुसतं नाव घेणं तिला उद्धट वाटतं. थोरल्या भावंडाला हाक मारायला, दादा-ताई सोडून, तुमच्याकडच्या बोलीत काही शब्द आहे का?