कॅरिबियन क्रूझ : बंदरांवर उतरण्याच्या सुरक्षिततेबद्दल अनुभव आणि सल्ला हवा आहे

नमस्कार,

येत्या डिसेंबरात मुलीच्या शाळेला सुट्टी असताना कॅरिबियन क्रूझला जाण्याचा आमचा विचार आहे. आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे असे पाच जण आहोत. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि जहाज मायामीहून सुटेल. खोल्या, जेवण, दर यांविषयी भरपूर माहिती मिळाली आहे. सासू-सासऱ्यांचा अमेरिकेचा व्हिसा बहुप्रवेशी असल्याची खात्री करून घेतली असून बाकीच्या देशांच्या व्हिसाबद्दलही कंपनीशी बोलणे झाले आहे. गाडी अडली आहे ती एकाच ठिकाणी : जहाज ज्या बंदरांवर थांबते, तिथे वयस्कर माणसे आणि लहान मूल यांना घेऊन उतरणे कितपत सुरक्षित आहे?

आमच्यापुढे दोन पर्याय आहेत. पूर्वेकडच्या फेरीत नासाऊ, सेंट थॉमस आणि सेंट मार्टेन ही बंदरे आहेत. पश्चिमेकडच्या फेरीत रोआतान, कोस्टा माया, कोझुमेल आणि शेवटी बहामातले कंपनीचे खाजगी बेट आहे.

क्रूझ करून आलेल्या ओळखीच्यांना विचारले, तर उत्तरे दोन टोकांची मिळतात. काही जण म्हणतात की बंदरात उतरूच नका; सगळे किनाऱ्यावर गेले की जहाज मोकळे मिळते, त्याचा आनंद घ्या. बाकीचे म्हणतात, ‘कॉमन सेन्स ठेवा, काही होत नाही.’ पहिल्यांचे ऐकायचे तर ही बेटे पाहण्याची सासऱ्यांची हौस बाजूला ठेवावी लागेल. दुसऱ्यांचा सल्ला मला वापरता येत नाही, कारण कॉमन सेन्स ठेवायचा म्हणजे नासाऊच्या धक्क्यावरून बाहेर पडल्यावर डावीकडे जायचे की उजवीकडे, कोणत्या टॅक्सीत बसायचे आणि किती वाजता मागे फिरायचे, हे कोणी सांगत नाही.

म्हणून आधी स्वतः वाचन केले. अमेरिकेचे परराष्ट्र खाते प्रत्येक देशाला १ ते ४ अशी पातळी देते. १ म्हणजे नेहमीची काळजी आणि ४ म्हणजे जाऊच नका. मी पाहिले तेव्हा बहामा आणि मेक्सिकोतले किंताना रू राज्य, ज्यात कोझुमेल आणि कोस्टा माया येतात, दुसऱ्या पातळीवर होते, होंडुरास तिसऱ्या आणि सेंट मार्टेन पहिल्या. पण या आकड्यांवरून निर्णय घ्यायला बसले आणि जास्तच गोंधळले. रोआतान हे होंडुरासचे बेट मुख्य भूमीपासून दूर समुद्रात आहे. मुख्य भूमीवरच्या शहरांतल्या गुन्हेगारीमुळे देशाला मिळालेली पातळी या बेटाला कितपत लागू होते? उलट सेंट थॉमस या यादीत नाहीच, कारण ती अमेरिकेचीच भूमी आहे. यादीत नाव नाही म्हणून तिथे निर्धास्त राहावे असेही नाही. २०१० मध्ये तिथल्या कोकी बीचजवळ टोळ्यांच्या गोळीबारात सापडून क्रूझवरच्या एका किशोरवयीन मुलीचा मृत्यू झाला होता.

नासाऊबद्दलची भीतीही अशीच तपासून पाहायला हवी असे वाटते. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या अमेरिकन दूतावासाने सूचना काढली की वर्ष सुरू झाल्यापासून शहरात १८ खून झाले आहेत. ती बातमी आमच्या व्हॉट्सॲप गटांवर इतकी फिरली की सासूबाईंच्या मैत्रिणीचा पुण्याहून फोन आला. मात्र त्याच वर्षी बहामात एक कोटीहून अधिक पर्यटक आले आणि त्यांतले बहुसंख्य जहाजाने आले. सूचनेतले बरेचसे खून टोळ्यांच्या आपसातल्या सूडातून झालेले होते. तरीही २००९ मध्ये नासाऊतच सेगवेवरून (उभ्याने चालवायच्या विजेच्या दुचाकीवरून) सहलीला निघालेल्या क्रूझ प्रवाशांच्या गटाला बंदूक दाखवून लुटण्यात आले होते, हेही मी वाचले आहे, आणि ती माणसे एकटीदुकटी भटकत नव्हती, ती व्यवस्थित आखलेल्या सहलीवर होती.

जिथे धोका खरोखर वाढतो तिथे कंपन्या स्वतःहून जाणे थांबवतात, एवढे लाबादीच्या उदाहरणावरून दिसते. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरची ही कुंपण घातलेली जागा रॉयल कॅरिबियनने भाड्याने घेतलेली आहे आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून ती बरीच लांब आहे. तरीही देशातली परिस्थिती बिघडल्यावर २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये त्या कंपनीने तिथले थांबे रद्द केले. पण ‘जहाज जाते आहे, म्हणजे बंदर सुरक्षित आहे’ एवढ्यावर विसंबावे का, हे मला कळत नाही.

ज्यांनी ही बंदरे पाहिली आहेत त्यांनी कृपया सांगावे : दोन फेऱ्यांपैकी आमच्यासारख्या कुटुंबाला कोणती बरी? सहल जहाजाकडूनच घ्यावी की बाहेरची टॅक्सी चालेल? आणि भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी किनाऱ्यावर उतरताना मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा की खोलीतल्या तिजोरीत?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, आम्ही फ्लोरिडात राहतो आणि नासाऊला बरेचदा जाणे होते, म्हणून तेवढ्यापुरते सांगतो.

धक्क्यावरून बाहेर पडले की समोर बे स्ट्रीट लागतो. दिवसा तिथे जहाजातल्या माणसांची इतकी गर्दी असते की त्रास झाला तर विक्रेत्यांच्या आग्रहाचाच होतो : केसांच्या वेण्या घालून घ्या, टॅक्सी घ्या, क्वचित कोणी गांजाही विचारतो. मान हलवून पुढे चालत राहावे. स्ट्रॉ मार्केट आणि आसपासच्या जुन्या इमारती चालत पाहून होतात. क्वीन्स स्टेअरकेस सुंदर आहे, पण साठाहून अधिक उंच दगडी पायऱ्या आहेत. सासूबाईंना खालूनच दाखवा, किंवा टॅक्सीने वर किल्ल्यापाशी न्या. शर्ली स्ट्रीटच्या दक्षिणेला टेकडीपलीकडच्या वस्त्यांत जाऊ नका. अमेरिकन दूतावासाच्या सूचनांतही त्या भागाचा उल्लेख असतो आणि तिथे पर्यटकाने जाण्यासारखे काही कारणही नाही. जहाज रात्री उशिरापर्यंत थांबणार असले, तरी अंधार पडण्याआधी परत या.

चोरीमारीपेक्षा मला नासाऊत पाण्याची अधिक काळजी वाटते. किनाऱ्यावर जेट-स्की भाड्याने देणारे आणि छोट्या बोटींतून फिरवून आणणारे यांच्यावर नियंत्रण सैल आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्लू लगून बेटाकडे निघालेली पर्यटकांची फेरी बोट बुडाली आणि एका वयस्कर अमेरिकन महिलेचा मृत्यू झाला. बोटीत बसायचेच असेल, तर आधी मुलीच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का ते विचारा. ते नसेल तर किनाऱ्यावरच थांबा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. बंदरांच्या सुरक्षिततेची चर्चा निघाली की सगळे बंदूक आणि टोळ्यांवर बोलतात. पर्यटकांचे जीव मात्र रस्त्यावर, पाण्यात आणि साहसी खेळांतही जातात, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. तुमच्या पश्चिमेकडच्या फेरीतलीच उदाहरणे देते. डिसेंबर २०१७ मध्ये कोस्टा मायाहून चाकचोबेनचे माया अवशेष पाहायला निघालेली क्रूझ प्रवाशांची बस उलटून १२ जण मृत्युमुखी पडले; वेग आणि चालकाचा निष्काळजीपणा ही कारणे तपास यंत्रणेने सांगितली. २०१८ मध्ये रोआतानला झिपलाइनवर (तारेला लटकून घसरत जाण्याच्या खेळात) दोन प्रवासी एकमेकांवर आदळले आणि त्यातला एक गेला. या दोन्ही ठिकाणी कोणी कोणाला लुटले नव्हते.

जहाजाकडून घेतलेली सहल महाग असते, पण तिचा एक फायदा पक्का आहे : तुमची बस उशिरा आली तर जहाज थांबते, आणि थांबणे शक्य नसले तर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीला ही सवलत नाही. मात्र या सहली चालवतात स्थानिक कंत्राटदारच, आणि क्रूझ कंपनीच्या तिकिटाच्या अटींमध्ये ते स्वतंत्र व्यावसायिक असल्याचे लिहिलेले असते. त्यामुळे जहाजावरच्या सहलींच्या खिडकीवर जाऊन बसला सीटबेल्ट आहेत का, एका बाजूचा प्रवास किती वेळाचा आहे, मध्ये स्वच्छतागृह आहे का, हे स्पष्ट विचारावे. मी नेहमी विचारते. उत्तर देताना माणूस चाचरला की ती सहल मी घेत नाही.

सेंट मार्टेनला गेलात तर मुलगी माहो बीचचा हट्ट धरेल, कारण डोक्यावरून उतरणारी विमाने तिथे सगळ्यांनाच पाहायची असतात. उतरणारे विमान लांबून जरूर बघा. उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या मागे धावपट्टीच्या कुंपणाला धरून उभे राहण्याचा खेळ काही माणसे खेळतात, त्यापासून मुलीला लांब ठेवा. २०१७ मध्ये इंजिनाच्या झोताने फेकली जाऊन तिथे एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला.

प्रतिसाद ३

पासपोर्टबद्दल लिहितो, कारण या बाबतीत अमेरिकन प्रवाशांचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

‘पासपोर्ट तिजोरीत ठेवा, प्रत आणि जहाजाचे कार्ड घेऊन उतरा’ असे बहुतेक जण सांगतात. चोरीचा आणि समुद्रात भिजण्याचा विचार करता ते बरोबर आहे. जहाज चुकले तर अधिकारी पुष्कळदा खोलीतली तिजोरी उघडून पासपोर्ट बंदरावरच्या प्रतिनिधीकडे देऊन जातात, पण त्याची हमी कोणी देत नाही. तुमच्या सासू-सासऱ्यांच्या पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा आहे, आणि तो हातात नसेल तर त्यांना मायामीला परतणाऱ्या विमानात बसता येणार नाही. पासपोर्ट हरवला तर काम आणखी अवघड होते. बहामाचा कारभार भारताच्या किंग्स्टनमधल्या, म्हणजे जमैकातल्या, उच्चायुक्तालयाकडे आहे. होंडुरासचा ग्वाटेमालातल्या दूतावासाकडे. आधी दुसऱ्या देशातून नवा पासपोर्ट मिळवायचा आणि मग अमेरिकेच्या व्हिसासाठी धावायचे, हे सत्तरीतल्या माणसांच्या वाट्याला येऊ नये.

म्हणून माझे मत असे, की धक्क्याजवळ फिरायचे असेल किंवा जहाजाची सहल असेल, तर मूळ पासपोर्ट तिजोरीत आणि रंगीत प्रती जवळ. स्वतःच्या टॅक्सीने लांब जायचे असेल, तर मूळ पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पट्ट्यात, आणि त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही.

वेळेचेही पाहा. हिवाळ्यात रोआतानचे घड्याळ मायामीच्या एक तास मागे असते. जहाज आपली वेळ बदलत नसेल आणि तुमचा फोन किनाऱ्यावर आपोआप स्थानिक वेळ घेत असेल, तर फोनवर साडेतीन दिसतील तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतील. सासऱ्यांच्या हातात मनगटी घड्याळ असेलच. ते जहाजाच्या वेळेला लावा आणि किनाऱ्यावर सगळ्यांनी तेच घड्याळ मानावे.

धागालेखिका

तिघांचेही मनापासून आभार. माझी भीती चुकीच्या ठिकाणी एकवटली होती, हे हे प्रतिसाद वाचून लक्षात आले. सीटबेल्ट आणि लाइफ जॅकेट हे प्रश्न माझ्या यादीत नव्हतेच. सासऱ्यांना घड्याळाचे सांगितले. त्यांनी ती जबाबदारी आनंदाने घेतली आहे.

घरात बोलून पश्चिमेकडची फेरी घ्यायचे जवळपास ठरले आहे. कोझुमेल आणि रोआतानला जहाजाकडून अर्ध्या दिवसाची, कमी प्रवासाची सहल घेऊ, आणि खाजगी बेटावर सगळे जण निवांत बसतील. सासू-सासऱ्यांच्या प्रवासी विम्यातून अमेरिकेबाहेरचे उपचार आणि जहाजावरचा दवाखाना यांचा खर्च मिळतो का, हेही एजंटला लेखी विचारले आहे. कोस्टा मायाचा मात्र निर्णय होत नाही. अवशेष पाहायचे तर बसचा लांबचा प्रवास आहे आणि तो आम्हाला आता नको वाटतो. बस न घेता तिथे वयस्कर माणसांचा दिवस बरा जाईल का?

प्रतिसाद २

जाईल. धक्का लांबलचक आहे, तेव्हा सासूबाईंसाठी जहाजावरून चाकाची खुर्ची मागून घ्या. आयत्या वेळी मिळतेच असे नाही, आधी नोंदवून ठेवा. धक्का संपतो तिथेच बंदराचा स्वतःचा परिसर आहे : पोहण्याचा तलाव, दुकाने, खाण्याच्या जागा, बसायला सावली. आत येणाऱ्यांवर लक्ष असते, त्यामुळे बरेच प्रवासी दिवसभर तिथेच थांबतात. मुलीला समुद्रात खेळायचे असेल, तर माहाहुआल गावाचा किनारा काही मिनिटांवर आहे. तुमच्यापैकी एकाने तिला अधिकृत टॅक्सीने न्यावे, भाडे माणशी आहे की गाडीचे ते बसण्याआधी ठरवावे, आणि दुसऱ्याने आई-वडिलांबरोबर परिसरातच थांबावे.