लोहारकाम करणाऱ्या पणजोबांच्या आधीची माहिती कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं घराणं माण तालुक्यातलं, पिढीजात लोहारकाम. पणजोबा गावचे बलुतेदार, नांगराचे फाळ शेवटायचे (म्हणजे तापवून-ठोकून टोक काढायचे), विळे-कुऱ्हाडी करायचे, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचे आणि त्याबदल्यात सुगीला खळ्यावरून धान्य मिळायचं. पुढे लोखंडी नांगर आले, रोख पैसा आला तसं बलुतं कमी झालं आणि आजोबा कामासाठी मुंबईला गिरणीत गेले. ऐरण अजून घरी आहे, आई दसऱ्याला पूजा करते.

आत्याकडून पणजोबांच्या वडिलांचं फक्त नाव कळलं, ते दुसऱ्या गावाहून इथे आले म्हणे. तहसीलला कोतवाल बुकाच्या म्हणजे गाव नमुना 14 च्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळाल्या पण बऱ्याच मोडीत आहेत आणि आडनावाच्या जागी नुसतं लोहार लिहिलंय, त्यामुळे आमचे कोण नि शेजारचे कोण तेच समजत नाही.

तर विचारायचं असं की बलुतेदारांना इनाम जमीन असेल तर त्याचे जुने कागद पुणे पुराभिलेखागारात मिळतात का, अर्ज कसा करायचा? त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांमध्ये कुणी आपलं घराणं शोधलंय का, गावाच्या नावावरून सापडतं की आडनाव लागतंच? आणि साताऱ्याच्या आसपास मोडी वाचून देणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, योग्य ते मानधन देईन. आत्या आता थकलीये, तिच्या हयातीत हे सगळं लिहून काढायचंय.